एकवीस टक्क्यांचा आलेख

मुरुम,
३ जुलै २०२४

ती. श्रीशैलअण्णा यांस,
शरणु शरणार्थ.

फोन न करता टपालानं लिहिते आहे, त्याचं कारण आधी सांगते. मागच्या दोन्ही वेळा मी बोलत असताना तुम्ही 'हं, हं' करत होता आणि मागे की-बोर्डचा आवाज येत होता. कागद वाचताना तो आवाज निदान मला ऐकू येणार नाही.

सोबत माझ्या पीएच.डी.च्या आलेखाची छापील प्रत आहे. विषय मुळात तुमचाच. प्रोसेसरच्या अगदी जवळ जी छोटी साठवण असते, ती कॅश, तिच्यातली जागा संपली की कुठली माहिती आधी बाहेर काढायची, याचा नियम. २००९ साली तुम्ही एक नियम मांडलात, मी त्यात थोडी भर घातली. खरा प्रोसेसर बनवणं आपल्या हातात नाही, म्हणून सिम्युलेटर, म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारा नकली प्रोसेसर, घेतला आणि त्यावर सहा प्रोग्रॅम आधी सगळीकडे चालतो त्या जुन्या नियमानं, मग माझ्या नियमानं चालवले. निळा खांब जुन्या नियमाला लागलेला वेळ, केशरी माझ्या. सहाही ठिकाणी केशरी खांब बुटका आहे. सरासरी एकवीस टक्के वेळ वाचला. तुमच्या पेपरात एकोणीस होता. आकडे वेचून आलेख काढणारी स्क्रिप्ट तुम्ही २०१८ साली दिलेलीच वापरली आहे.

समितीची बैठक १२ सप्टेंबरला आमच्याच कॉलेजात आहे. माझ्या नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली, तिसऱ्यांदा वाढवायची तर समितीनं काम मान्य करायला हवं. नाही केलं तर सात वर्षं गेली, आणि पुढच्या वर्षापासून पीएच.डी. नसलेल्यांना कॉलेज ठेवणार नाही, हे प्राचार्यांनी बैठकीत माझ्याकडेच बघत सांगितलं. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. दुसरीकडे कोण घेणार?

माझे मार्गदर्शक रणधीर सर, त्यांनी आलेख पाहिला. पाहिला म्हणजे हातात धरला. म्हणाले, "मॅडम, खांब खाली कामून चाललेत? प्रगती म्हणल्यावर वर जायला पाहिजेत की."

मी म्हटलं, "सर, हा वेळ आहे. कमी झालेलाच चांगला."

"ते ठीक आहे हो, पण समितीला वर गेलेलं बरं वाटतं. उलटा करून टाका."

या माणसाच्या सहीनं मी डॉक्टर होणार आहे. असं लिहायला नको, ते मनानं वाईट नाहीत. पण वाईट नसणं ही काही पात्रता नव्हे.

तुम्ही नीट पाहा. चूक असली तर स्पष्ट सांगा.

तुमची,
शिवलीला


पुणे,
१४ जुलै २०२४

चि. शिवलीला,

आलेख पाहिला. चहा संपायच्या आत पाहून झाला.

तुझा उभा अक्ष शून्यापासून नाही, साठपासून सुरू होतो. त्यामुळे एकवीस टक्क्यांची बचत डोळ्यांना अर्ध्याहून जास्त वाटते. साबणाच्या जाहिरातीत असं करतात. तू शिकवतेस ना? मुलांना काय शिकवतेस?

आणि तो चौथा प्रोग्रॅम, मूळ संख्या मोजणारा. त्याची सगळी माहिती मुठीत मावते. कॅश कधी भरतच नाही, म्हणजे तुझा नियम तिथं एकदाही वापरला जात नाही. तरी त्यालाही वीस टक्के फायदा! ज्याला औषध दिलंच नाही तोही बरा झाला, आणि डॉक्टरीणबाई खूश. हे तुला दिसलं नाही, तुझ्या सरांना दिसलं नाही, सहा महिने भिंतीवर लावलं असतंस तरी तिथल्या कुणाला दिसलं नसतं.

चिडू नकोस. मला जे वाटतं ते सांगतो. तिथं हे खपेल. जे आहे ते दे, सर म्हणतात तसं उलटं करून दे, खाली माझ्या पेपरचा हवाला टाक आणि मोकळी हो. पदवी मिळेल, नोकरी टिकेल. फक्त हा कागद घेऊन जिल्ह्याबाहेर जाऊ नकोस. बाहेर लोक आलेख वाचतात.

तुझ्या अप्पांना, माणिकप्पा काकांना नमस्कार. आई विचारत होती, लीला दिवाळीला येणार का.

श्रीशैल


मुरुम,
२ ऑगस्ट २०२४

ती. श्रीशैलअण्णा यांस,
शरणु.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. तीन वेळा रागानं, चौथ्यांदा पेन्सिल घेऊन.

अक्षाचं मान्य. स्क्रिप्टनं साठपासून काढला आणि मी तो तसाच राहू दिला, कारण तसा तो छान दिसत होता. 'छान दिसत होता' हे शब्द लिहायला मला दोन दिवस लागले. जिल्ह्याबाहेरच्या लोकांबद्दल मात्र माझं मत तुमच्याइतकं चांगलं नाही. तुम्ही बाहेरचेच, आणि चूक दिसल्यावर 'खपेल' हा सल्ला तुम्हीच दिलात. रणधीर सरांना दिसत नाही म्हणून ते खपवतात. तुम्हाला दिसतं आणि तरीही. दोघांत कोण बरं, याचा विचार मी अजून पुरा केलेला नाही.

पण मूळ संख्यांचा प्रोग्रॅम डोक्यातून जाईना. मी रोजनिशी लिहिते, त्यावर तुम्ही एकदा सगळ्यांसमोर हसला होतात. त्याच वह्या काढल्या. प्रत्येक प्रयोग कुठल्या दिवशी, किती वाजता चालवला ते त्यात आहे. जुन्या नियमाचे सगळे प्रयोग साध्या दिवशी, दुपारी. माझ्या नियमाचे सगळे बाजाराच्या दिवशी. मुद्दाम नव्हे. बाजाराच्या दिवशी एसटीत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून खेड्यावरची मुलं अकरालाच निघून जातात, प्रात्यक्षिकं होत नाहीत आणि प्रयोगशाळा मला निवांत मिळते. नव्या कामाला निवांत दिवस, एवढाच हिशेब होता.

आमच्याकडे सर्व्हर एकच आहे. तीस टर्मिनल त्याच्यावरच लोंबकळतात, आणि माझा सिम्युलेटरही.

हे अप्पांना सांगत होते. अप्पांनी चाळीस वर्षं कापडाचं दुकान चालवलं, त्यांना कॅश चटकन समजते: गिऱ्हाइकाच्या पुढ्यातल्या फळीवर कुठले तागे ठेवायचे आणि कुठले आत गोदामात टाकायचे.

अप्पा म्हणाले, "मग तुझी नवी फळी चांगली हाय का न्हाय?"

"चांगली आहे. गिऱ्हाईक एकवीस टक्के लवकर मोकळं होतं."

"कवा बघितलंस?"

"बाजाराच्या दिवशी."

"आन् जुनी फळी?"

"एरवी."

अप्पांनी चष्मा काढला. "लीला, बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात माणूस मावत न्हाय आन् तुझ्या कॉलेजात कुत्रं न्हाय. तू फळी मोजलीस का गर्दी मोजलीस?"

मी दुसऱ्या दिवशी सिम्युलेटरची मूळ फाइल उघडली. सात वर्षांत पहिल्यांदा, स्क्रिप्टशिवाय, डोळ्यांनी. तुम्हाला नवीन नाही, पण मी स्वतःसाठी लिहिते. तिथं वेळाच्या दोन नोंदी असतात. एक नकली प्रोसेसरची: तो खरा असता तर त्याला किती वेळ लागला असता. दुसरी ज्या यंत्रावर हा सगळा खेळ चालला त्याची: आमच्या सर्व्हरला हे नाटक वठवायला किती वेळ लागला. पहिली बाराव्या ओळीवर, दुसरी चौदाव्या. स्क्रिप्ट चौदावी ओळ उचलते.

म्हणजे मी सहा प्रोग्रॅमवर, दोन नियमांनी, मुरुमच्या बाजारादिवशी आमची प्रयोगशाळा किती रिकामी असते ते मोजलं आणि त्याला संशोधन म्हटलं.

बाराव्या ओळीवरून नवा आलेख काढला. अक्ष शून्यापासून. निळा आणि केशरी खांब सारख्याच उंचीचे. सरासरी फायदा शून्य पूर्णांक चार टक्के, दोन प्रोग्रॅम तर हळू झाले. तुमचा मूळ नियमही घालून पाहिला. त्याचा फायदा शून्य पूर्णांक दोन.

सरांना दाखवलं. म्हणाले, "अहो, तुमच्या भावाचे एकोणीस, तुमचे एकवीस. जुळतंय की! जुळलेलं मोडायचं कामून?"

स्क्रिप्ट तुमची आहे. तुमची म्हणून मी तिला कधी उघडून पाहिलं नाही. हा दोष माझाच, तो तुमच्यावर ढकलत नाही. फक्त विचारते: २००९ साली तुम्ही कुठली ओळ वाचली होती?

शिवलीला


पुणे,
१० ऑगस्ट २०२४

चि. शिवलीला,

माझ्या वेळी सिम्युलेटरची जुनी आवृत्ती होती. तिच्यात ओळींचा क्रम वेगळा होता, चौदावीवरच बरोबर वेळ यायची. नव्या आवृत्तीत क्रम बदलला असणार. दुसऱ्याची स्क्रिप्ट घेताना ती तपासायची असते, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही सांगावं लागत नाही.

तो पेपर आंतरराष्ट्रीय परिषदेत तीन जणांनी तपासून स्वीकारला होता. तुझ्या बाजाराच्या गोष्टीशी त्याची सांगड घालू नकोस. तुमच्याकडे एक सर्व्हर, त्यावर तीस पोरं, कुणाचा कशाला पत्ता नाही. तिथं मोजमाप करणं म्हणजे यात्रेत उभं राहून नाडी बघणं. त्याचा दोष माझ्या कामाला लावशील तर हसं तुझं होईल.

आणि महिनाभरावर बैठक आलेली असताना माणूस आपला आलेख वाचवतो, दुसऱ्याचा उकरत बसत नाही.

श्रीशैल


मुरुम,
२७ ऑगस्ट २०२४

ती. श्रीशैलअण्णा यांस,

तुम्ही 'असणार' लिहिलंत. म्हणून मी पाहिलं.

तुमच्या पेपरात सिम्युलेटरच्या आवृत्तीचा क्रमांक दिलेला आहे. ती आवृत्ती अजून उतरवून घेता येते. आजच्या यंत्रावर ती चालायला तयार नव्हती, तिच्यासाठी तितकाच जुना कंपायलर शोधावा लागला, त्यात नऊ दिवस गेले. सर म्हणाले, बैठकीची तयारी सोडून तुम्ही जुन्या बाजारात काय शोधताय? मी शोधत राहिले. उत्तर देण्याइतकं ते ऐकत नाहीत.

दहाव्या दिवशी चालली. तुमच्याच नियमाची फाइल, तुमच्याच पेपरातले आकडे घालून. बारावी ओळ नकली प्रोसेसरची, चौदावी यंत्राची. क्रम बदललेला नाही. तुमच्या काळीही चौदावी ओळ हीच होती. मग सर्व्हरवर मुलं बसलेली असताना एकदा आणि नसताना एकदा तुमचा नियम चालवला. चौदाव्या ओळीवरून सोळा टक्के 'फायदा' मिळाला. आणखी पाच मुलं बसवली असती तर एकोणीस मिळाला असता.

तुमच्या वेळी पुण्याच्या प्रयोगशाळेत कुठल्या दिवशी गर्दी नसायची, तेवढं मला ठाऊक नाही.

आता माझी अडचण सांगते. खरा आलेख समितीपुढे ठेवला तर ते म्हणणार, छापून आलेल्या पेपरात एकोणीस टक्के आहे, तुमच्याकडे काहीच नाही, म्हणजे तुमचंच काही तरी चुकलं. खोटा ठेवला तर तुमचा पेपर त्याला दुजोरा देईल आणि मी डॉक्टर होईन. तुमची चूक माझ्या चुकीची साक्षीदार आहे आणि माझ्या खऱ्याची वैरीण.

यातून सुटायला मला तुमच्या दोन ओळी पुरेत: 'पेपरात यंत्राचा वेळ चुकून वापरला गेला.' खाली सही. बाकी काही नको.

हे मागताना स्वतःला विचारलं, की मला खरं हवं आहे की तुम्ही खाली यायला हवे आहात? मावशीच्या दिवाणखान्यात तुमच्या सत्काराचा फोटो आहे, त्याच्याखाली बसून मी पंधरा वर्षं फराळ केला. तुमच्याबद्दल माझ्या मनात आज जे आहे ते चांगलं नाही. पण माझा हेतू निर्मळ असता तरी चौदावी ओळ चौदावीच राहिली असती, एवढ्यावर मी थांबले.

बैठक १२ तारखेला आहे.

शिवलीला


पुणे,
५ सप्टेंबर २०२४

शिवलीला,

सही मिळणार नाही.

मला ठाऊक होतं. कंपनीत लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी कळलं, एका नव्या पोराला स्क्रिप्ट समजावून सांगताना. बोलता बोलता थांबलो आणि त्याला म्हटलं, बाकीचं उद्या. तो उद्या कधी आला नाही. तोवर पेपर छापून झाला होता, त्यावर नोकरी लागली होती, मुरुमला सत्कार झाला होता. कुणाला सांगायचं? आणि कशासाठी? त्या नियमाचा प्रोसेसर कुणी बनवला नाही, त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. या क्षेत्रात असे शंभर पेपर आहेत. लोक तुझ्यासारखे उघडून बघत नाहीत म्हणून जग चालतं.

मग तुला २०१८ साली तीच स्क्रिप्ट कशी दिली, हे तू विचारणार. विचारायच्या आधी सांगतो. तू आलेख काढण्यापर्यंत पोचशील असं मला वाटलं नव्हतं. दोन वर्षं हौस करशील आणि सोडशील, असं वाटलं. बायका, त्यातून तिकडच्या कॉलेजातल्या, नोंदणी करतात आणि सोडतात. पहिल्या पत्रातला तुझा आलेख पाहिला तेव्हा मला क्षणात कळलं काय झालंय. तुला गप्प बसवायला मूळ संख्यांचा मुद्दा काढला. आलेखच उघडा पडेल म्हणून घाबरून, खोलात न जाता तू आहे तसं देशील, अशी अटकळ होती. ती चुकली.

समितीपुढे काय सांगायचं ते तुझं तू ठरव. माझं नाव घेतलंस तर आईला कळेल, आणि ती बहात्तर वर्षांची आहे एवढं लक्षात ठेव. तुझ्या समितीत सिम्युलेटरची फाइल वाचणारं कुणी नसेल, यावर मी निर्धास्त आहे.

श्रीशैल


मुरुम,
१४ सप्टेंबर २०२४

श्रीशैलअण्णा,

परवा काय झालं ते सांगणं तुमच्याशी असलेल्या नात्यानं मला भाग आहे.

समितीत तिघे होते. प्राचार्य, रणधीर सर आणि सोलापूरहून आलेल्या एक बाई. बाईंच्या हातात तुमच्या पेपरची छापील प्रत होती, समासात पेननं खुणा केलेल्या. मी खरा आलेख पडद्यावर लावला. प्राचार्यांनी मान तिरकी करून पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, यात फरक कुठाय?"

"नाही, सर. फरक नाही हाच निष्कर्ष आहे."

सरांनी कपाळ पुसलं. बाईंनी तुमचा पेपर उचलला. "यात एकोणीस टक्के आहे. दोन्हींपैकी एक चूक. कुठलं?"

तुमचं पाच तारखेचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मी ते काढलं नाही. म्हटलं, "पेपर चूक आहे. त्यात यंत्राचा वेळ मोजलाय, प्रोसेसरचा नव्हे."

प्राचार्य हसले. "हे गृहस्थ मुरुमचेच ना? आपल्याकडे सत्कार झाला होता त्यांचा."

"हो. माझे मावसभाऊ."

"म्हणजे भाऊ चूक आन् तुम्ही बरोबर."

त्या क्षणी मला मावशी आठवली, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. तरी मी म्हटलं, "हो, सर."

बाई म्हणाल्या, "हसू नका. मला दाखवा."

प्रयोगशाळा रिकामी होती. मूळ संख्यांचा प्रोग्रॅम एकदा चालवला. यंत्राची वेळ एक्केचाळीस सेकंद. बाईंनी वहीत लिहून घेतली. मग मी तिसऱ्या वर्षाची मुलं बोलावली, तीसही टर्मिनलवर बसवली आणि सांगितलं, सगळ्यांनी एकदम आपापला सगळ्यात जड प्रोग्रॅम चालवा.

"मॅडम, एकदम? सर्व्हर मरंल."

"मरू दे."

"लिहून द्या मॅडम, नंतर आमाला बोलू नगा!" सगळे हसले आणि एकदम बटणं दाबली. तोच प्रोग्रॅम, तोच नियम, तोच नकली प्रोसेसर. यंत्राची वेळ अठ्ठावन्न सेकंद. नकली प्रोसेसरची वेळ शेवटच्या आकड्यापर्यंत पहिल्यासारखी. बाईंनी दोन्ही फाइली स्वतः उघडल्या, बोट ठेवून ओळी मोजल्या, बारा, तेरा, चौदा. मग जुनी आवृत्ती मागितली आणि तुमचा नियम चालवायला लावला. पाऊण तास त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत. तुम्ही ज्यावर निर्धास्त होता ते हे.

शेवटी त्यांनी तुमचा पेपर टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्या विद्यार्थिनीनं यावर दोन वर्षं घालवली. तिला फायदा मिळेना. मी तिला म्हटलं होतं, तुलाच जमत नाही."

मला त्या मुलीचं नाव विचारायचं होतं, विचारलं नाही.

मुदत एक वर्ष वाढवून मिळाली. अट अशी की प्रबंधात एक पूर्ण प्रकरण तुमच्या पेपरच्या फेरतपासणीचं असावं, नावानिशी, आणि ते त्या परिषदेलाही कळवावं. बाहेर आल्यावर रणधीर सर सगळ्यांना सांगत होते, "मी मॅडमला पहिल्यापासून म्हणत होतो, त्या खांबांत काही तरी गडबड आहे." मी ऐकून घेतलं. आता त्यांचा रागसुद्धा येत नाही. ते आयुष्यात एकदा बरोबर दिसले, दिसू देत.

प्रकरणाचा कच्चा मसुदा सोबत पाठवते आहे. त्यात तुमच्या हेतूबद्दल एक शब्द नाही, फक्त ओळी, आवृत्ती, तारखा आणि आकडे. पंधरा ऑक्टोबरला तो परिषदेला जाईल. त्यात कुठं चूक दिसली तर ओळीचा क्रमांक देऊन कळवा, मी तपासून दुरुस्त करीन. 'असणार' वगैरे लिहिलंत तर वाचणार नाही. तुम्ही त्याआधी स्वतः चूक कळवलीत, तर प्रकरणात तसं लिहीन. मावशीला सांगायचं काम तुमचं. मी दिवाळीला येणार आहे आणि तिनं विचारलं तर खोटं बोलणार नाही.

तुमचं पत्र मी कुणाला दाखवलं नाही. दाखवायची गरजच पडली नाही. बाईंनी ओळी मोजल्या आणि तुमच्या कबुलीवाचून भागलं. घरी येताना रिक्षात मला त्याचं थोडं वाईट वाटत होतं. पत्र बाहेर काढायची संधी हुकली म्हणून. हे वाईट वाटणं मी रोजनिशीत लिहिलं आहे आणि त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह घातलं आहे. पत्र अजून पर्समध्येच आहे.

शिवलीला